सहा बाय सहा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत माझी अशी समजूत होती, की माणसाचा एक हात जसा कामाचा आणि दुसरा मदतीला असतो, तसा एक डोळा बघायचा असतो आणि दुसरा नुसता जोडीला. ही समजूत मी कुणाला बोलून दाखवली नव्हती. उजव्या हातानं जेवतो हे कुणी कुणाला सांगत बसतं का?

सांगलीच्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत एक यंत्र होतं. त्याच्या नळीतून एका डोळ्यानं बघून प्रकाशाची रेघ दोन बारीक तारांच्या फुलीवर आणायची. मी ती नेहमी डाव्या डोळ्यानं आणायचे. त्या आठवड्यात डाव्या डोळ्यावर रांजणवाडी आली, पापणी सुजून बंद झाली, म्हणून उजवा लावला. रेघ नव्हतीच. पिवळा धुरळा होता.

"सर, रेघ सापडत नाही."

सर वाकले, बघितलं, म्हणाले, "ही काय, मधोमध आहे." मी पुन्हा बघितलं. पुन्हा धुरळा. सर थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "उद्या प्रॅक्टिकलला येऊ नकोस. आधी डोळे तपासून ये."

मिरजेच्या एका दवाखान्यात गेले. तिथं डॉक्टरांच्या आधी एक बाई तपासत होत्या, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी माझ्या नाकावर एक जड गोल चौकट चढवली आणि तिच्यात एकेक काच सरकवत राहिल्या. "आता? आणि आता?" डाव्या डोळ्यानं मी तक्त्याची शेवटची ओळ वाचली. उजव्याला सगळ्यात वरचं मोठं अक्षरही शाई सांडल्यासारखं दिसत होतं. काचा बदलून बदलून वाचणं दोन ओळी खाली सरकलं आणि थांबलं.

"याच्या पुढं नाही जाणार," त्या म्हणाल्या. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. उजव्या डोळ्याला लहानपणापासून मोठा नंबर होता. डाव्याला नव्हता. मेंदूनं सोपा रस्ता धरला, डाव्याचं चित्र घेतलं आणि उजव्याचं टाकून दिलं. डोळा आळशी झाला. सातव्या-आठव्या वर्षी चष्मा लावून चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी बांधली असती, तर बराचसा सुधारला असता.

"आता?"

"आता फारसं काही नाही," त्या म्हणाल्या. "शाळेत कधी तपासणी झाली नव्हती का?"

झाली होती. तेच तर आहे. आटपाडीच्या अलीकडं आमची वस्ती, आणि वस्तीवरची चार वर्गांची शाळा. मी तिसरीत असताना एक पांढरी गाडी आली होती. त्यातल्या माणसांनी भिंतीवर तक्ता लावला, तो वाऱ्यानं दोनदा पडला, मग त्यांनी तो गुंडाळून ठेवला. एकानं आम्हाला सगळ्यांना मिळून विचारलं, "फळ्यावरचं दिसतंय का?" आम्ही सगळे मिळून "होऽऽ" म्हणालो. त्यानंतर ती माणसं गुरुजींच्या खोलीत पोहे खायला गेली. जाताना आम्हाला एकेक गुलाबी कार्ड मिळालं.

पुढच्या शनिवारी घरी गेले आणि आईची पत्र्याची पेटी उघडली. माझा जन्माचा दाखला, जातीचा दाखला आणि त्यांच्याखाली ते कार्ड, आईनं घडीसुद्धा पडू न देता ठेवलेलं. उजवा डोळा: ६/६. डावा डोळा: ६/६. म्हणजे दोन्ही डोळे निर्दोष. खाली सही.

मी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही.

"म्हंजी उजव्यानं दिसतच न्हाई?"

"दिसतं. अंधुक."

"मग दिसतं म्हन की. आन कुनाला सांगू नगं ह्ये. दोन वर्सांनी बघाय येनार तुला." मग तिनं दाराकडं तोंड केलं. "आवं, तुमी तरी सांगा हिला."

आबा दारात बसले होते. आमच्याकडं आता डाळिंबाची बाग आहे, पण माझ्या लहानपणी ते मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचे, आणि दोन वर्षं मीही बरोबर होते. लांबच्या माळावर उभं मेंढरू आपलं की दुसऱ्याचं, हे मी त्यांच्या आधी ओळखायचे. ते उठले, माझ्याजवळ आले आणि त्यांनी आपला तळवा माझ्या डाव्या डोळ्यावर ठेवला. दुसरा हात समोर धरला.

"किती बोटं?"

"तीन."

तळवा काढला तेव्हा समोर दोन बोटं होती. आबा बाहेर पडले आणि वाड्यातल्या उरलेल्या चार मेंढरांकडं गेले. त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांनी हा विषय माझ्यासमोर काढलेला नाही.

मला सगळ्यात जास्त राग त्या सहीचा होता. गाव, शाळा, गरिबी यांच्यावर राग धरता येत नाही, त्यांना चेहरा नसतो. ती सही कुणीतरी दोन सेकंदांत केली होती. मिरजेला पुन्हा गेले तेव्हा त्या बाईंना विचारलं, "तुम्ही डॉक्टर नाही, मग हे काम कुठं शिकलात?" त्यांनी शब्द सांगितला: ऑप्टोमेट्री. बारावीनंतर चार वर्षं. डोळा तपासायचा, नंबर काढायचा, दोष वेळेत पकडायचा. बारावीनंतर नीटला मला मार्क कमी पडले होते, तेव्हा हा शब्द एकाही माणसानं माझ्यासमोर काढला नव्हता. डॉक्टर नाहीतर नर्स, दोन्ही जमत नसेल तर बी.एस्सी., एवढंच आमच्याकडच्यांना ठाऊक.

पुण्याच्या एका कॉलेजात प्रवेश परीक्षा होती आणि नंतर मुलाखत. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष पुरं करायचं आणि त्याच वर्षात याचीही तयारी करायची असं मी ठरवलं. सकाळी कॉलेज. मग वसतिगृहाच्या गच्चीच्या जिन्यात बसून बारावीचं जीवशास्त्र पुन्हा पहिल्यापासून. खोलीतल्या एकीची पोलीस भरती चालली होती, दुसरीची स्पर्धा परीक्षा. दोघींना माझं काम हे चष्म्याच्या दुकानात उभं राहायचं काम वाटायचं. "त्याला चार वर्षं कशाला लागतात गं?" असं त्या अगदी मनापासून विचारायच्या. मी सुरुवातीला समजावून सांगायचे, नंतर सोडून दिलं.

पुण्याच्या कॉलेजात फोन केला तेव्हा तिथल्या माणसानं सांगितलं, की नेत्रतपासणीच्या कामाचा अनुभव असल्याचं पत्र अर्जाला जोडलं तर मुलाखतीत वजन पडतं. म्हणून मी सांगलीतल्या एका चष्म्याच्या दुकानात जायला लागले. मालक बोलायला गोड. त्यांची स्वतःची एक संस्था होती, ती खेडोपाडी शाळांमधून मुलांचे डोळे तपासायची. दुकानात त्यांचे हार घातलेले फोटो होते. मी माझी गोष्ट सांगितली तेव्हा ते हळहळले. "अशीच माणसं या कामाला हवीत," म्हणाले. "वर्षभर ये. पत्र मी देतो."

दुकानाच्या मागं फळीचा आडोसा होता. तिथं काचा घासून फ्रेममध्ये बसवणारे एक चाचा होते, मिरजेचे. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या सतारी-तंबोरे व्हायचे, यांनी भोपळा सोडून काच धरली. पहिले पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. एक दिवस त्यांनी एक काच माझ्या हातात दिली. "यातनं त्या दाराच्या चौकटीकडं बघ. आता काच डावीकडं सरकव. चौकट कुठं पळाली?"

"उजवीकडं."

"उलटी पळाली. म्हणजे अधिकचा नंबर. ही घे दुसरी."

"हिच्यात चौकट काचेबरोबरच चालली."

"उण्याचा. यंत्र नंतर. आधी हे."

चार महिन्यांत मी काच नुसती हलवून नंबर अंदाजानं सांगायला लागले. चाचा यंत्रावर बघायचे आणि चूक असली तरच बोलायचे. एकदा मी चष्म्याच्या तिरक्या नंबराची, ठरल्या कोनातच बसवायची काच जराशी फिरवून बसवली. त्यांनी ती माझ्यासमोर काढून फेकून दिली. "एवढ्यानं काय होतंय, असं तुझ्या मनात आलं का?" खरंच आलं होतं. "ते मनात आलं की हात धुऊन घरी जायचं," ते म्हणाले.

त्या थंडीत संस्थेचं काम जावळीत होतं. तीन दिवस, मेढ्याच्या वरच्या डोंगरातल्या शाळा. मालक, दुकानातला एक तपासनीस, ड्रायव्हर आणि मी. पहिल्या दिवशी मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. एकेक पोर उभं करायचं, एक डोळा झाकायचा, ओळ वाचून घ्यायची, दुसरा झाकायचा. दोन मुली सापडल्या, दोघींना लांबचं दिसत नव्हतं. त्यातली एक घरी जाताना सारखी वळून माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, माझं ठरलं.

तिसऱ्या दिवशी मालक कुणा ओळखीच्यांकडं जेवायला थांबले. सगळ्यांनाच थांबावं लागलं. शेवटच्या शाळेत पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तपासनिसानं मोठे वर्ग घेतले, माझ्याकडं तिसरी आली. माझी नऊ मुलं झाली होती तेव्हा मालक व्हरांड्यात आले.

"किती राहिली?"

"तेवीस."

"पोरांना लांबच्या वाड्यांवर चालत जायचंय. उशीर नको व्हायला." जणू त्यांना पोरांचीच काळजी होती. "असं कर, ज्याला लांबचं दिसत नाही त्यानं हात वर करा म्हणावं. बाकीच्यांचं भरून टाक."

"सर, ज्याला दिसत नाही त्याला ते माहीत नसतं."

ते हसले. "हो, तुला माहीत नव्हतं, नाही का? सांगितलं होतंस." मग हातातली कार्डांची गड्डी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "तुझ्या पत्राचं उद्याच टाइप करायला सांगतो. अर्जाची तारीख जवळ आली ना? भर."

त्यांनी धमकी दिली असती तर आज मला सांगायला सोपं गेलं असतं. तसं काही नव्हतं. आवाज अगदी घरच्यासारखा होता. ते तिथं उभेही राहिले नाहीत, मुख्याध्यापकांशी बोलायला आत निघून गेले. मी टेबलाशी एकटी होते. माझ्या मनात काही मोठं द्वंद्व वगैरे झालं नाही. अर्जाची तारीख आठवली. पुढं आयुष्यभर हजारो मुलं नीट तपासीन असं वाटलं. तेवीसमध्ये असून असून किती असणार, असंही वाटलं. आणि मी पेन उचललं.

उजवा डोळा ६/६. डावा डोळा ६/६. तेवीस वेळा. माझं अक्षर चांगलं आहे.

मी कार्डं वाटायला लागले तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, आमचं न्हाई बघायचं?"

"झालं तुमचं."

"कवा?"

"आत्ताच," मी म्हणाले. तिनं कार्ड घेतलं आणि पळाली.

पत्र खरंच दुसऱ्या दिवशी मिळालं. त्यात लिहिलं होतं, की ग्रामीण भागातील शालेय मुलांची नेत्रतपासणी मी अत्यंत तळमळीने आणि अचूकपणे केली. मी त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या.

प्रवेश परीक्षा बरी गेली. मुलाखतीला समोर तिघं होते. मधल्या बाई वयस्कर, केस पिकलेले. त्यांनी विचारलं, "ऑप्टोमेट्रीच का?" मी सांगितलं. वस्तीवरची शाळा, पांढरी गाडी, वाऱ्यानं पडलेला तक्ता, पोहे, गुलाबी कार्ड. आबांची दोन बोटं. वर्षभर ही गोष्ट मी इतक्या जणांना सांगितली होती, की ती गुळगुळीत झाली होती. आवाज कुठं खाली आणायचा हेही मला माहीत झालं होतं. तिथं तो बरोबर खाली आला. बाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "एका डोळ्यावर हे काम जमेल?" मी म्हणाले, वर्षभर केलंय. त्यांनी फाइलमधलं पत्र वाचलं आणि मान हलवली.

"तुमच्या हातून कुणा मुलाचं असं व्हायचं नाही," त्या बाई म्हणाल्या. त्यांनी विचारलं नव्हतं, त्यांना खात्रीच होती.

"नाही होणार," मी म्हणाले.

यादी मोबाइलवर आली. त्यात मी होते. वसतिगृहातल्या मुलींनी मिठी मारली. आईला फोन केला, ती म्हणाली, "बरं झालं, आता कुनी इचारलं तर डोळ्याचं डाक्तर हाय म्हनू." पेढ्यांचा पुडा घेऊन मी चाचांकडं गेले. त्यांनी पेढा घेतला आणि विचारलं, "मुलाखतीत काय विचारलं?"

का कोण जाणे, त्यांना खोटं सांगवेना. त्या फळीआड मी मुलाखतीचं सांगितलं आणि मग जावळीचंही. ते ऐकत होते. पेढा हातातच होता. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी तो परत पुड्यात ठेवला.

"काच चुकीची बसवली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात येतं," ते म्हणाले. "डोकं दुखतंय म्हणून शिव्या देतं. आपण काच बदलून देतो. ही लेकरं तुझ्या दारात कुठनं येणार?"

मी पेढ्यांचा पुडा मिटला. त्यांनी कपाटातून एक जुना तक्ता काढला, डोळा झाकायची एक काळी दांडी काढली, दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. नंतर मशीन चालू केलं. मशीनच्या आवाजात बोलता येत नाही.

जुलै होता. सांगलीहून साताऱ्याला, साताऱ्याहून मेढ्याला, तिथून वडापच्या जीपमध्ये माणसांच्या मांडीला मांडी लावून वर. पावसानं दरीतलं काही दिसत नव्हतं. मुख्याध्यापकांनी मला ओळखलं, चहा मागवला. मी म्हणाले, मागच्या वर्षीची तिसरी, आताची चौथी, पुन्हा तपासायची आहे.

"कशासाठी? आपलं रेकॉर्ड पूर्ण आहे. शंभर टक्के तपासणी. वर तालुक्याला गेलंय."

मी खरं सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक बघत राहिले. "मॅडम, त्या यादीखाली वर्गशिक्षकांची सही आहे. माझी आहे. आमच्या समक्ष तपासणी झाली असं आम्ही लिहून दिलंय."

"मला कुणाला काही लिहून द्यायचं नाही. मुलं बघू द्या."

"मधल्या सुट्टीत बघा," ते म्हणाले. "पण कागद करायचा नाही. एक ओळसुद्धा नाही."

तेवीसपैकी एकोणीस हजर होती. उजेड कमी होता म्हणून तक्ता व्हरांड्यात खिळ्याला अडकवला. "कवा?" विचारणारी मुलगी सगळ्यात पुढं होती. तिनं शेवटची ओळ धावत वाचली, दोन्ही डोळ्यांनी. एका मुलाला लांबचा नंबर निघाला. आणि एक मुलगी होती, जिचा चेहरा मला अजिबात आठवत नव्हता. डावा डोळा झाकला तेव्हा तिनं सगळं वाचलं. उजवा झाकला, तर तिनं मान वळवली आणि दांडीच्या कडेनं उजव्यानंच बघायचा प्रयत्न केला. मी डोकं सरळ धरलं. ती पुन्हा वळली. तिला लबाडी करायची नव्हती. अंधारात माणूस उजेडाकडं वळतो, तशी ती वळत होती. "वरचं मोठं अक्षर कुठलं आहे?" मी विचारलं. ती म्हणाली, "तिथं काय हाय व्हय?"

तिला साडेआठ वर्षं झाली होती. म्हणजे वेळ होता. सहा महिने मी घालवले होते, तरी वेळ होता.

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर घरी गेले. आई भातलावणीवरून आली होती, पोटऱ्यांपर्यंत चिखल. पडवीत आजोबा बसले होते. बाप मुंबईला बाजारात ओझी उचलायच्या कामावर. मी जमेल तितकं सोपं करून सांगितलं: डोळा वाचेल, चष्मा लागेल, रोज थोडा वेळ पट्टी बांधावी लागेल, पण आत्ताच, नंतर नाही.

आजोबांनी ऐकून घेतलं आणि सुनेला म्हणाले, "त्यो कागूद आन गं." तिनं खुंटीवरच्या पिशवीतून कार्ड काढून आणलं. प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं होतं. "ह्यात तर चांगलं लिवलंय," ती म्हणाली. "सायबलोकांनी बघून लिवलंय."

कार्डावर माझं अक्षर होतं.

"हे मीच लिहिलंय," मी म्हणाले. "न बघता लिहिलंय."

"का?" आजोबांनी विचारलं.

पुण्यात तिघांपुढं मला उत्तरं सुचत होती. इथं एकच सुचलं. "घाई होती."

आजोबांनी कार्ड सुनेकडं परत दिलं. मग ती बाई, अगदी न रागावता, म्हणाली, "मग तवाचं खरं का आत्ताचं? उद्या आनि कोन यिऊन तिसरंच सांगल." मी शपथा घेतल्या, मोबाइलवर चित्रं दाखवली, माझा स्वतःचा उजवा डोळा कसा गेला ते सांगितलं. ती पहिली वेळ होती जेव्हा ती गोष्ट सांगताना माझा आवाज कुठं खाली आणायचा हे मला कळलं नाही. शेवटी ती म्हणाली, "तिच्या बाला इचारते."

मिरजेच्या बाईंनी साताऱ्यातल्या एका ओळखीच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं. गुरुवार ठरला आणि शाळेतून मुलीच्या घरी तोंडी निरोप गेला. मी साताऱ्याच्या स्टँडवर सकाळी दहाला जाऊन उभी राहिले. मेढ्याकडून येणारी प्रत्येक गाडी रिकामी होईपर्यंत बघायचे. तीन वाजेपर्यंत कुणी आलं नाही, तेव्हा शाळेतून घेतलेल्या नंबरावर बापाला मुंबईला फोन लावला.

"म्याडम, पोरगी वाचती, लिवती, पळती," तो म्हणाला. "तिला काय झालंय? चांगलं हाय म्हनून तुमचाच कागद हाय न्हवं? पोरीची जात हाय. डोळ्यात खोट हाय असं एकदा गावात झालं की तिला कोन करून घील?"

"दादा, ते मी चुकीचं..."

"तुमी चुकलासा, ते तुमचं तुमी बघा. आमच्या मागं लागू नका." त्यानं फोन ठेवला.

कॉलेज सुरू व्हायच्या आधी मी आणखी एकदा वर गेले. पडवीत आजोबा एकटेच होते. मुलाला मुंबईत खोली मिळाली, सून आणि पोरं तिकडं गेली, शाळेचा दाखलाही नेला. कुठल्या भागात, कुठली शाळा, त्यांना सांगता येईना. मी एका कागदावर माझा नंबर, मिरजेच्या बाईंचा नंबर आणि डोळ्याबद्दल चार ओळी लिहून दिल्या. त्यांनी कागद घडी करून टोपीत ठेवला. त्या मुलाला, ज्याला लांबचा नंबर निघाला होता, चष्मा लागला. त्याच्या चुलत्यानं साताऱ्याहून करून आणला, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. "कागद न करता झालं," असंही म्हणाले. त्यांना ते बरं वाटत होतं.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. शाळांच्या तपासणीला आम्हाला पाठवतात आणि तिथं माझ्या रांगेला सगळ्यात जास्त वेळ लागतो. बरोबरच्या मुली चिडतात. एकदा सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी त्या दिवशी जेवले नाही, पण दुसऱ्या दिवशी जेवले, माणूस जेवतोच. सांगलीच्या दुकानाच्या मालकांचा मध्यंतरी कुठलासा सत्कार झाला. त्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोंत जावळीचाही एक आहे. त्यात मी टेबलाशी वाकून लिहिते आहे. खाली त्यांनी लिहिलंय, आमच्याकडं तयार झालेली मुलगी. त्यात चुकीचं काही नाही, म्हणून मी काही उत्तर दिलं नाही.

त्या बापाचा नंबर आता लागत नाही. मुख्याध्यापकांची बदली झाली. ती मुलगी अकराव्या वर्षात गेली असेल. दहाव्या वर्षापर्यंत पट्टीचा चांगला उपयोग होतो, त्यानंतर तो कमी कमी होत जातो. मागच्या परीक्षेत यावर सहा मार्कांचा प्रश्न होता आणि मला सहाही मिळाले.